चाळीस किलो वाळू आणि एकवीस वळणं

"एकवीस वळणं. एकदाही पाय खाली न टेकता. लिहून ठेवा," मिस्त्रींनी जाहीर केलं, आणि तळमजल्यावरच्या पोस्टमास्तरांनी ते खरोखरच लिहून ठेवलं.

पोस्टमास्तरांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण कुणी 'लिहून ठेवा' म्हटलं की त्यांचा हात अजून आपोआप खिशातल्या पेनाकडे जायचा. मिस्त्री मात्र अजून नोकरीत होते. लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत तेहतीस वर्षं. शहरातल्या निम्म्या इमारतींमधली माणसं त्यांच्या भरवशावर वरखाली करत होती. लोकांना पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून ज्या माणसाने उभा जन्म घालवला, तो आता आपण होऊन सायकलवर घाट चढायला निघाला होता.

आणि घाटही साधासुधा नाही. अकरा किलोमीटरचा चढ, प्रत्येक वळणावर आकडा कोरलेला दगड. कुठून कुठून सायकलवाले यायचे, छाती फुटेस्तोवर पायडल मारायचे आणि माथ्यावरच्या खोलीत वहीत नाव लिहून घरी जायचे. पुढे जन्मभर ते भेटेल त्याला तेवढंच सांगत राहायचे.

शिवणाच्या मशीनमागे बसलेल्या काकूंनी हे सगळं ऐकलं. काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. पण पोस्टमास्तरांपासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना काकूच म्हणायचे, म्हणून आपणही तेच म्हणू. मशीन चालूच राहिलं आणि शाळेच्या गणवेशाची बाही वीतभर लांब शिवली गेली.

बाही का लांबली ते सांगायला हवं. मिस्त्रींचे वडील छप्पन्नाव्या वर्षी गेले. आजारबिजार काही नाही. सकाळी खुर्चीत बसून मोजे घालत होते, ते तसेच राहिले. आणि मिस्त्रींना आता छप्पन्नावं चालू होतं. या विषयावर घरात कुणी चकार शब्द काढत नव्हतं. पण वर्षभर मिस्त्री जिन्याच्या मधल्या वळणावर उगीचच थांबून भिंतीचा रंग बघायचे. कुणी बघत नाहीसं वाटलं की हात हळूच छातीवर जायचा. काकू स्वयंपाकघराच्या दारातून ते बघायच्या आणि भांडी जरा जास्तच जोरात घासायच्या.

दुसऱ्या शहरात असलेली लेक फोनवर दर रविवारी सांगायची, "आई, बाबांना एकदा डॉक्टरांकडे ने." काकू तो निरोप द्यायच्या. पण डॉक्टरांचं नाव काढलं की मिस्त्रींना हमखास कुठल्यातरी इमारतीतली अडकलेली लिफ्ट आठवायची.

"डॉक्टर कशाला?" ते बूट घालता घालता म्हणायचे. "मला काय झालंय?"

"काही झालं नाही म्हणूनच जायचं."

"काही झालं नाही तर त्यांचा वेळ कशाला घ्या?" एवढं बोलून ते जिना उतरलेले असायचे.

असा हा माणूस. आणि त्याला म्हणे घाट चढायचा होता.

चढायची रीतही मिस्त्रींनी आपल्या धंद्यातूनच काढली होती. नवी लिफ्ट सुरू करायच्या आधी तिच्यात वाळूच्या पिशव्या भरतात. जितकं वजन न्यायचं असेल त्याच्या सव्वापट. तेवढं घेऊन ती वर गेली आणि खाली आली की वर्षभर चिंता नाही. "माझंही तेच," मिस्त्री म्हणाले. "सायकलवर चाळीस किलो वाळू लादायची आणि पाण्याच्या टाकीची टेकडी रोज चढायची. चार महिने. मग वाळू काढून घाटात गेलो की सायकल भिरभिरत वर जाईल. पिशव्या तेवढ्या तू शिवून दे."

काकूंनी जाड कॅनव्हासच्या दोन पिशव्या शिवल्या. मिस्त्रींनी त्या कंपनीत नेल्या, वाळू भरली, काट्यावर टांगून प्रत्येकी बरोबर वीस किलो भरल्या, तोंडं तारेने आवळली आणि त्यावर शिशाचं सील ठोकलं. मिस्त्रींच्या कामात सील म्हणजे शेवटचा शब्द. सील शाबूत तर वजन शाबूत; पुन्हा काट्यावर चढवायचं कारण नाही. दोन्ही पिशव्या कॅरियरच्या दोन बाजूंना पक्क्या बांधल्या गेल्या आणि सायकल तळमजल्याच्या बोळात, पोस्टमास्तरांच्या दारासमोर उभी राहिली.

पहिल्या दिवशी मिस्त्री टेकडीवरून परत आले तेव्हा त्यांचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा झाला होता. ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले.

"मजा आली," ते म्हणाले.

एवढं बोलून त्यांनी बुटाच्या नाडीला हात घातला, आणि पुढची दहा मिनिटं हात तिथेच राहिला. नाडी सुटेना. पोस्टमास्तरांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं: एकोणीस मिनिटं, तीन थांबे. काकूंनी वाकून नाडी सोडली. वाकल्यावर त्यांना मिस्त्रींचा श्वास ऐकू आला आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

आता तुम्ही म्हणाल, सरळ सांगायचं, नका जाऊ म्हणून. काकूंनी सांगून पाहिलं. मिस्त्री हसले. रडून पाहिलं, मिस्त्रींनी रुमाल दिला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. नवऱ्याला थांबवता येत नाही हे कळल्यावर काकूंनी दुसरा विचार केला. नवरा नाही, पण वजन तर आपल्या हातात आहे. पिशव्या कुणी शिवल्या?

गुरुवारी मिस्त्री कामावर गेल्यावर काकू स्टूल, सुई-दोरा आणि एक पेला घेऊन बोळात उतरल्या. पिशवीच्या तळाची शिवण चार बोटं उसवली. एक पेला वाळू काढली. तितक्याच जागेत कपड्यांच्या चिंध्या कोंबल्या. शिवणकाम करणाऱ्या घरात चिंध्यांना काय तोटा? मग शिवण पहिल्यासारखी घातली. दुसऱ्या पिशवीलाही तसंच केलं. सील वरच्या तोंडाला जिथल्या तिथे होतं.

आठवड्यातून दोनदा, दोन पेले. एका दमात फार काढली असती तर मिस्त्रींच्या लक्षात आलं असतं. तेहतीस वर्षं वजनांशी खेळलेला माणूस तो. पण थोडं थोडं कमी होत गेलं तर माणसाला वाटतं, आपणच वाढतोय. काढलेली वाळू काकू हातातल्या पिशवीत घालून गणवेश द्यायला शाळेत जायच्या आणि मुलं वर्गात असताना ती लांब उडीच्या खड्ड्यात रिकामी करायच्या.

एक अडचण मात्र होती, ती म्हणजे पोस्टमास्तर. दार उघडलं की समोर काकू सुई-दोरा घेऊन बसलेल्या.

"काय करताय काकू?"

"शिवण उसवलीय जरा."

तीन दिवसांनी पुन्हा तेच. पुढच्या आठवड्यात पुन्हा. पोस्टमास्तरांनी शेवटी काळजीने विचारलं, "काकू, टाका कच्चा पडतोय का हल्ली? डोळ्यांना नंबर आला असेल. तपासून घ्या."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षांत त्यांचा टाका कुणाच्या अंगावर उसवला नव्हता. शाळेच्या रंगमंचाचा पडदा त्यांनी शिवलेला. दोन मुलं त्याला लोंबकळली तेव्हा वरचा बांबू खाली आला, पण शिवण जागची हलली नव्हती. पण बोलायची सोय नव्हती. "हो, वय झालं," असं त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

पोस्टमास्तर मनाने चांगले, पण पोटात काही ठेवायची सवय नाही. पंधरा दिवसांत बातमी सगळ्या गल्लीत गेली की काकूंची शिवण आता टिकत नाही. समोरच्या इमारतीतल्या परिचारिकेने आपला कोट दुसरीकडे शिवायला टाकला. काकूंनी खिडकीतून तो कोट दुसऱ्या दिशेला जाताना पाहिला. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पण सकाळी मिस्त्री टेकडीवरून आले, नाडी आपली आपण सोडली, दोन पायऱ्या एकदम चढले आणि शीळ घालत अंघोळीला गेले. काकूंनी पेला उचलला आणि पुन्हा बोळात उतरल्या.

सतरा मिनिटं. चौदा मिनिटं, एक थांबा. अकरा. पोस्टमास्तरांनी टपालपेट्यांच्या वर एक कागद चिकटवला आणि रोजचा आकडा त्यावर लिहू लागले. येणारे-जाणारे थांबून वाचायचे. मिस्त्रींची छाती आता वेगळ्याच कारणाने पुढे आली होती. ते जिन्यात भिंतीचा रंग बघायचे थांबले. झोप लागायला लागली. टेबलाशी बसून ते लेकीला फोनवर सांगायचे, "चाळीस किलो घेऊन चढतोय, चाळीस. तुझ्या वयाच्या मुलांना जमणार नाही." आणि काकू पाठ करून कपबशा पुसत राहायच्या, कारण खरं बोलायचं तर तोपर्यंत ते वीसच राहिले होते.

हे सगळं इथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण चौथ्या महिन्यात मिस्त्री टेकडी आठ मिनिटांत, एकही थांबा न घेता चढले आणि घरी येऊन त्यांनी जेवणाच्या टेबलावर थाप मारली.

"ठरलं. तू पण येणार."

"कुठे?"

"घाटात. मागे कॅरियरवर."

काकूंच्या हातातली वाटी टेबलावर गोल फिरली आणि पडली.

"चाळीस किलो मला जाणवतसुद्धा नाहीत आता," मिस्त्री म्हणाले. "तुझं वजन किती?"

"बावन्न," काकू म्हणाल्या. बाईला अचानक वजन विचारलं की जे उत्तर येतं ते आलं.

"म्हणजे वर बाराच. घोटभर पाणी प्यायल्यासारखं." मग ते आवाज उतरवून म्हणाले, "अगं, तीस वर्षांत तुला कुठे नेलं नाही मी. निघालो की कुणीतरी लिफ्टमध्ये अडकायचं. वर गेल्यावर सगळा मुलूख दिसतो म्हणतात. एकट्याने बघून काय करू?"

आता यावर काकू काय बोलणार? सांगावं तर त्या चेहऱ्यावरचं हसू चार महिन्यांसकट खाली येणार. न सांगावं तर आपल्याला घेऊन हा माणूस घाटात जाणार, आणि त्याच्या अंगात ताकद किती, तर सहा किलो वाळू आणि दोन पिशव्या चिंध्यांची.

काकूंनी जिवाचा आटापिटा केला. आधी वाळू परत भरायला घेतली. पण चार महिन्यांत काढलेली वाळू चार दिवसांत परत कशी जाणार? दोन पेले घातले तर मिस्त्री संध्याकाळी म्हणाले, "आज वारा समोरून होता." मग काकूंनी गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं. मिस्त्री हळहळले. "कॅरियर टोचेल तुला," ते म्हणाले. "एक जाडशी गादी लागेल. शिवतेस का?" आणि काकूंना स्वतःच्या हाताने ती गादी शिवावी लागली. चांगली शिवली. वाईट शिवता येत नव्हतं त्यांना.

शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली. पहिल्याच वळणावर दम लागेल, दोघं हसू आणि परत येऊ. एवढंच ना?

कंपनीच्या गाडीवाल्याने त्यांना सकाळी सातला पायथ्याशी सोडलं. पिशव्या काढून गाडीतच ठेवल्या. आजूबाजूला चकचकीत सायकली, चकचकीत टोप्या, तोंडाने फुसफुस करून अंग मोकळं करणारी मंडळी. त्यांच्यात मिस्त्रींची काळी जुनी सायकल आणि तिच्या कॅरियरवर फुलाफुलांच्या गादीवर बसलेल्या काकू. दोनचार जणांनी वळून पाहिलं. मिस्त्रींनी रुबाबात पायडलवर पाय ठेवला आणि दाबला.

सायकल हलली नाही.

"ब्रेक घासतोय," मिस्त्री म्हणाले. पुन्हा दाबला. सायकल झुलली, काकूंनी डोळे मिटले, आणि मग कशीबशी निघाली. दहा हात. वीस हात. रस्ता चढाला लागला. काकूंचा एक हात त्यांच्या पाठीवर होता, आणि शर्टाच्या आत पाठ भात्यासारखी वरखाली होत होती. पहिल्या वळणाचा दगड समोर दिसत होता. मिस्त्री काही बोलत नव्हते, आणि ते बोलत नाहीत म्हणजे त्यांच्यात बोलायला हवा उरलेली नाही. त्यांना हसू येत नव्हतं. ते थांबणारही नव्हते. हे काकूंना आता कळलं.

त्यांनी चालत्या सायकलवरून उडी मारली.

मिस्त्री उतरले. त्यांनी घाम पुसला आणि सायकल उलटी केली. कारण मिस्त्रींच्या मते वर जात नाही ती वस्तू बिघडलेली असते. त्यांनी साखळी तपासली. चाक काढलं, फिरवलं, कानाजवळ नेऊन ऐकलं. ब्रेक सोडले, पुन्हा बसवले. वीस मिनिटं हात काळे करून घेतले. "कालपर्यंत चाळीस किलो नेत होती," ते पुटपुटले. "सील तर शाबूत होतं. मग हिला आज झालंय काय?"

माणूस स्वतःवर संशय न घेता सायकलीची माफी मागितल्यासारखा तेल देत बसला होता. काकूंना ते बघवेना.

"सायकलीला काही झालं नाही," त्या म्हणाल्या. "मी वाळू काढत होते."

मिस्त्रींचा हात चाकावर थांबला.

काकूंनी सगळं सांगितलं. पेला, चिंध्या, शाळेचा खड्डा. बोलताना त्या दगडाकडे बघत होत्या. दगडावर एकचा आकडा होता.

मिस्त्रींनी चाक एकदा उगीचच फिरवलं. मग त्यांनी विचारलं, "सील न तोडता?"

"खालून उसवून."

"मला टाका दिसला नाही कधी."

"दिसला तर तो टाका कसला?"

मिस्त्रींनी मान हलवली. कारागिराने कारागिराला दिलेली दाद होती ती. पण लगेच त्यांचा चेहरा पडला, आणि ते रस्त्याच्या कडेला, चाक मांडीवर घेऊन बसले. "चार महिने," ते म्हणाले. "चार महिने मी चिंध्या वाहत होतो. आणि लेकीला सांगत होतो."

"रागवा माझ्यावर."

"कशाला काढलीस पण?"

"तुमच्या वडिलांचं वय माहीत आहे मला," काकू म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा ते शब्द तोंडातून बाहेर आले, आणि आल्यावर मागचे सगळे धावत आले. "तुम्ही जिन्यात थांबता ते दिसतं मला. हात छातीवर जातो ते दिसतं. पहिल्या दिवशी तुम्हाला बुटाची नाडी सोडता आली नाही. मी काय करायला हवं होतं? घड्याळ लावून लिहीत बसू?"

एक सायकलवाला वर जाता जाता थांबला. "पंक्चर? पंप देऊ का?"

"नको," दोघं एकदम म्हणाले. तो निघून गेला.

"मला पण माहीत आहे वय," मिस्त्री खालच्या आवाजात म्हणाले. "अकरा दिवस राहिलेत छप्पन्नावं संपायला. म्हटलं, लिफ्टची करतो तशी आपली पण एकदा टेस्ट करून टाकू. घाट चढला म्हणजे सगळं ठीक आहे. मग काळजी नाही."

"टेस्ट करताना लिफ्टमध्ये माणूस बसवता का हो तुम्ही?"

"छे. वाळूच असते. दोर तुटलाच तर?"

"मग?" काकू म्हणाल्या. "लिफ्ट पडली तर दुसरी आणून बसवतील. मी कुठून आणू?"

मिस्त्रींनी काळा हात पुढे केला, तो काळा आहे हे बघून मागे घेतला, आणि काकूंनी तो तसाच धरला.

"डॉक्टरांकडे चला," काकू म्हणाल्या.

"जाणारच होतो. घाट चढल्यावर."

"आधी का नाही?"

"आधी गेलो आणि नापास झालो तर?" मिस्त्री म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण ते ओशाळून चाक बसवू लागले. चाक बसवून झाल्यावर म्हणाले, "आता आलोच आहोत तर वर जाऊ. चालत. हळूहळू. वर पोचलो की सोमवारी डॉक्टर. शब्द."

काकूंनी वर पाहिलं. वीस वळणं अजून बाकी होती आणि पायात चपला होत्या. पण मिस्त्रींकडून डॉक्टरचा शब्द मिळाला होता. एवढ्यासाठी त्या अनवाणीसुद्धा गेल्या असत्या.

मग त्यांनी सायकल ढकलायला घेतली. मिस्त्री हँडलला, काकू कॅरियरला. सायकलीचा आता काही उपयोग नव्हता, उलट तिचंच ओझं होतं; पण ती टाकून जायचं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. प्रत्येक दगडापाशी बसायचं, पाणी प्यायचं, मिस्त्रींच्या मनगटाला काकूंनी हात लावायचा आणि मगच उठायचं. नाडी कशी बघतात ते काकूंना येत नव्हतं. पण काहीतरी टकटक लागायचं तेवढं पुरे होतं. अकराव्या वळणापर्यंत चार जणांनी पंप आणि दोघांनी केळी देऊ केली. केळी त्यांनी घेतली.

पंधराव्या आणि सोळाव्या वळणांच्या मध्ये रस्ता थोडा सपाट झाला. मिस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं.

"बस," ते म्हणाले.

"अहो, नको."

"सपाट आहे. दम लागला की थांबीन. खरंच थांबीन."

काकू बसल्या. सायकल निघाली, डुलत डुलत, चालणाऱ्या माणसाइतक्याच वेगाने. दरीकडून गार वारा आला. मिस्त्रींनी शीळ घालायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. चाळीस पावलं असतील नसतील, चढ लागला आणि ते आपण होऊन थांबले, पाय खाली टेकले. काकूंना आनंदाने रडू आलं, ते त्यांनी पदराने पुसलं.

"बावन्न नाहीत हे," मिस्त्री धापा टाकत म्हणाले.

"एकसष्ट," काकू म्हणाल्या. आज सगळं खरंच सांगायचा दिवस होता.

माथ्यावर ते सव्वा वाजता पोचले. खरोखरच सगळा मुलूख दिसत होता. दोघं काठावर बसून अर्धा तास नुसते बघत राहिले आणि आपली गल्ली कुठल्या बाजूला असेल यावरून थोडं भांडले. मग नोंद करायच्या खोलीत गेले. वही लिहिणाऱ्या कारकुनाने वेळ विचारली.

"सहा तास पंधरा मिनिटं."

कारकुनाने चष्मा वर केला. "सायकलवर बसून?"

"चाळीस पावलं," मिस्त्री म्हणाले. "डबल सीट."

कारकुनाने वहीचे रकाने एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून पाहिले. मग शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात ते लिहिलं.

परत आल्यावर काकूंनी सगळ्यात आधी पोस्टमास्तरांचं दार वाजवलं आणि टाका कच्चा नव्हता, तो मुद्दाम उसवला होता, हे त्यांना दोनदा सांगितलं. पोस्टमास्तर फार खजील झाले. रात्रीपर्यंत ही बातमीही गल्लीभर झाली, आणि मंगळवारी परिचारिका कोटाची बाही नीट करून घ्यायला काकूंकडेच आली. पण त्याआधी सोमवार होता.

सोमवारी मिस्त्रींनी शब्द पाळला. अंगावर तारा चिकटवून त्यांना चालत्या पट्ट्यावर चालवलं, पट्टा तिरका केला, वेग वाढवला. काकू दाराबाहेर फाइल छातीशी धरून उभ्या होत्या. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. शेवटी आत बोलावलं. डॉक्टरांनी लांबलचक कागद उलगडून पाहिला.

"उत्तम आहे," ते म्हणाले. "या वयाला इतकं छान कमीच बघायला मिळतं. जिन्यात होतं म्हणता ते भीतीने. काही व्यायाम करता का?"

मिस्त्रींनी तोंड उघडलं, काकूंकडे पाहिलं आणि म्हणाले, "थोडा हलका."

काकूंनी खुर्चीच्या पाठीला धरलं. डॉक्टरांचं लक्ष आता कुठे त्यांच्याकडे गेलं. "तुम्ही पांढऱ्याफटक का पडलात? इकडे बसा. कधी तपासलंय ब्लड प्रेशर?"

काकूंना आठवेना. दंडाला पट्टा बांधला गेला, फुगला, सुटला. डॉक्टरांनी आकडा पाहिला, पुन्हा फुगवला, पुन्हा पाहिला.

"बरंच वाढलंय हो. घाबरण्यासारखं नाही, पण गोळी लागेल. किती दिवसांचा ताण आहे हा?"

मिस्त्री ताडकन उभे राहिले. काकूंची पर्स, फाइल आणि छत्री असं सगळं त्यांनी एकदम छातीशी धरलं होतं. "वाढलंय म्हणजे किती? हिला जिना चालेल का? मशीनवर बसू द्यायचं की नाही? आत्ताच्या आत्ता काही करायला हवं का, डॉक्टर? मी काल हिला घाट चढवलाय." प्रश्नागणिक त्यांच्या कपाळावर घाम वाढत होता. पहिल्या वळणावरसुद्धा इतका आला नव्हता.

काकूंनी ते पाहिलं. दंडाला पट्टा तसाच असताना त्या उठून उभ्या राहिल्या.

"डॉक्टर, माझं राहू द्या," त्या म्हणाल्या. "आधी यांचं परत एकदा तपासा."

डॉक्टरांनी पट्टा सोडला, कागदाची घडी घातली आणि दोघांनाही बाहेरच्या बाकावर दहा मिनिटं गप्प बसून यायला सांगितलं. गप्प बसणं काही दोघांना जमलं नाही.